मागच्या खोलीतील घंटा

आमच्या वाडवडिलांनी घर बांधताना विहीर कोठे खणावी, चूल कोणत्या भिंतीस लावावी, ओटीवरचा क्रूस कोठे असावा, ह्या प्रत्येक गोष्टीचा पुरता विचार केला. गोठा वाऱ्याच्या खालच्या अंगास असे. माजघर थंड राहावे म्हणून भिंती हातभर जाड असत. आज मात्र जिच्यावर निम्म्या घराचा व्यवहार अवलंबून राहू लागला आहे, ती वायफायची डबी घरात कोठे बसते? तार घेऊन आलेल्या माणसाची शिडी जेथवर पोहोचली तेथे. बहुधा दारामागे, चपलांच्या कपाटावर, नाहीतर दूरदर्शनसंचाच्या पाठीमागे धुळीत. मग वर्षानुवर्षे घरातील माणसे हातात मोबाईल घेऊन ‘येथे येत नाही, तेथे येते’ असे म्हणत खोल्याखोल्यांतून हिंडत राहतात.

धर्मग्रामाच्या साप्ताहिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु आपल्या वाड्यावस्त्यांतील किती घरांत मुलगा परदेशी आणि आईवडील मागे, अशी स्थिती आहे हे मी घरभेटीच्या वेळी पाहतो. पूर्वी पत्राची वाट पाहत. आता भिंतीवर कॅमेरा असतो आणि लांबच्या मुलुखातून मुलगा आईला पाहतो. मोटार चालू-बंद करणे, दिवे मालवणे, दारात कोण आले ते पाहणे, ही सारी कामे ह्या डबीवरून चालू लागली आहेत. तेव्हा तिचे गुणदोष जाणून घेणे हा काही केवळ शहरी लोकांचा छंद राहिलेला नाही. शिवाय सेमिनरीत जाण्यापूर्वी मी पदार्थविज्ञान घेऊन पदवी घेतली होती. ते ज्ञान अधूनमधून हवेला लावावे लागते, नाहीतर त्याला कसर लागते.

माझी धाकटी बहीण सुरतेस दिली आहे. सुरत हे नाव मराठी माणूस प्रथम शाळेच्या पुस्तकात वाचतो, १६६४ आणि १६७० ह्या दोन सालांसह. आणि पुढे आयुष्यात कधीतरी तेथे स्वतः पोट भरण्यास जातो. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांत फिरावे तर आपण जळगावात आहोत की धुळ्यात, असा भास व्हावा इतकी खानदेशी मराठी कानांवर पडते. ताप्तीकाठच्या रेल्वेने त्यांच्या दोन-तीन पिढ्या यंत्रमागांकडे आणून सोडल्या. माझे मेहुणे हजिऱ्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात आणि अडाजणच्या बाजूस एका रो-हाऊसमध्ये राहतात. हा घराचा प्रकार सुरतेत फार. समोरून पाहावे तर घर बारा-तेरा फूट रुंद, पण आत शिरावे तर आगगाडीच्या डब्यासारखे लांबच लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढे बैठकीची खोली, मग जिना, मग स्वयंपाकघर, मग धुण्याभांड्यांची जागा, आणि सर्वांत मागे एक खोली. ह्या मागच्या खोलीत माझ्या बहिणीच्या सासूबाई असतात. सगळे त्यांना आजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वय ८१. आगाशीकडच्या. अजून लाल लुगडे नेसतात.

ह्याच सुरतेचे नाव २०१६च्या जानेवारीत केंद्र शासनाने निवडलेल्या पहिल्या २० ‘स्मार्ट’ शहरांत होते. शहर स्मार्ट झाले म्हटल्यावर घरे कशी मागे राहतील? मेहुण्यांना ह्या वस्तूंची हौस. माझ्या भाचीने एकदा कागदावर यादी केली: मोबाईल पाच, लॅपटॉप दोन, दूरदर्शनसंच एक, कॅमेरे चार, हुकमावर पेटणारे दिवे सात, तसेच प्लग तीन, वातानुकूलन यंत्र, बोलणारा स्पीकर, गीझरचा आणि पाण्याच्या मोटारीचा प्रत्येकी एक खटका, दारावरची घंटा, आणि आजींच्या गळ्यात घातलेले एक बटण. एकूण २८. माणसे पाच आणि डबी एक.

ते बटण काय ते सांगतो, कारण सगळे त्याच्यावरच उभे आहे. लहानसे, पेपरमिंटच्या गोळीएवढे. आजींनी ते दाबले की घरातील दोन मोबाईलांवर मोठ्याने गजर व्हावा, अशी योजना. आजींचे गुडघे अधू झाल्यापासून त्यांस एकटे सोडण्याची भीती सर्वांना वाटे. बटण आणले तेव्हा पुढच्या खोलीत सर्वांनी मिळून ते दाबून पाहिले, गजर झाला, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते आजींच्या गळ्यात क्रूसाशेजारी गेले.

गेल्या पावसाळ्यातील एका रात्री मेहुणे रात्रपाळीस होते. बहीण आणि मुले माडीवर निजलेली. तीनच्या सुमारास आजी न्हाणीघराकडे जाण्यास उठल्या आणि उंबऱ्याशी घसरून पडल्या. त्यांनी बटण दाबले. एकदा, दोनदा, पुष्कळ वेळा. त्यावरचा बारीकसा दिवा लाल लुकलुके आणि विझे. हाका मारल्या, पण वर पंखा, बाहेर पाऊस. सकाळी साडेपाचला नळाचे पाणी भरण्यासाठी बहीण खाली उतरली तेव्हा तिला त्या दिसल्या. अडीच तास त्या माउलीने ओल्या फरशीवर काढले. सुदैवाने खुबा वाचला, मनगटाचे हाड मोडले. पण बहिणीचा मला फोन आला तेव्हा ती मनगटाबद्दल बोलतच नव्हती. “दादा, बटण दाबलं होतं रे त्यांनी,” हेच ती पुनःपुन्हा म्हणत होती.

ज्या मंडळींकडून इंटरनेट घेतले होते त्यांचा माणूस येऊन गेला. त्याने डबीजवळ उभे राहून वेग मोजला, आकडा दाखविला आणि ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’ असे सांगून गेला. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. आकडा खराच होता. मग मेहुण्यांनी दरमहाचे पैसे वाढवून १००चा वेग ३००चा करून घेतला. मागच्या खोलीत कणभरही फरक पडला नाही.

आपल्या वसईच्या बागाईतदारास हे कोडे चटकन उलगडेल. विहिरीस पाणी उदंड आहे, रहाट जोरात फिरतो आहे, पण वाडीच्या टोकाची केळ वाळते आहे. अशा वेळी आपण विहीर आणखी खोल खणतो काय? पाट पाहतो. पाट कोठे फुटला, कोठे गाळ साचला, कोठे चढ आहे. घरापर्यंत येणारे इंटरनेट ही विहीर, आणि डबीपासून खोल्याखोल्यांत पसरणारे वायफाय हा पाट. पैसे वाढवून मेहुण्यांनी विहीर खोल केली होती. बहुसंख्य घरांत हेच घडते, आणि विकणाऱ्यांना त्यात तोटा नसल्यामुळे ते आपण होऊन काही सांगत नाहीत.

आता हा पाट कशाचा, ते थोडे पाहू. वायफाय म्हणजे रेडिओच. ह्या नावाला काही अर्थ असेल अशी पुष्कळांची समजूत आहे, पण ते १९९९ साली व्यापारासाठी तयार केलेले नुसते एक नाव आहे. ह्या व्यवस्थेचे पहिले प्रमाण त्याआधी दोन वर्षे, १९९७ साली ठरले. आपल्याकडे एके काळी साधा रेडिओ घरी ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. माझ्या वडिलांनी तो जपून ठेवला होता. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यास मात्र २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या मोठ्या भागास २०१८ साली शासनाने परवान्यातून मोकळे केले. म्हणून आज कोणीही दुकानातून डबी आणून लावू शकतो. ही सोय खरी, पण शेजारीही लावू शकतो, ही तिची दुसरी बाजू. तिकडे पुढे वळू.

आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या. त्यांना तुमच्या घराची भिंत म्हणजे काहीच नव्हे. वायफायच्या २.४च्या पट्ट्यातील लहर साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम अर्ध्या वितीची. आणि ५च्या पट्ट्यातील लहर तीन बोटांची. एवढ्या आखूड लहरीला भिंत जाणवते. विटांच्या भिंतीतून ती थोडी थकून पार होते. सिमेंट-काँक्रीट आणि त्यात लोखंडी सळ्या असल्या की पुष्कळच थकते. धातूवर आपटून परतते. पाणी तिला पिऊन टाकते. तीन बोटांची लहर अर्ध्या वितीच्या लहरीहून लवकर थकते, पण जवळच्या अंतरात ती पुष्कळ अधिक ओझे वाहते. म्हणून पुढच्या खोलीत बसून चित्रपट पाहणाऱ्याने ५चा पट्टा घ्यावा, आणि लांबच्या खोलीतील दिवा-बटणाने २.४चा. पुष्कळशा स्वस्त दिव्यांना, प्लगांना आणि बटणांना २.४खेरीज दुसरा पट्टा समजतच नाही. नवा दिवा घरात जोडताना तासन्‌तास घाम का गाळावा लागतो, ह्याचे एक कारण येथे आहे: मोबाईल ५च्या पट्ट्यावर, दिवा २.४वर, आणि दोघांची गाठ पडत नाही. त्या वेळेपुरता ५चा पट्टा बंद करून पाहावा.

भिंतीपलीकडे बिनतारी घंटा वाजविण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस ह्यांनी अशाच अत्यंत आखूड लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली आणि दारूगोळ्याची पूड पेटविली. बोस हे सेंट झेवियर कॉलेजात फादर लाफों ह्या येशूसंघीय प्राध्यापकाचे विद्यार्थी, हे येथे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी जी घंटा भिंतीपलीकडे वाजली, ती आजींच्या खोलीतून माडीवर का वाजू नये, असे मनात येई.

सुरतेस गेलो तेव्हा पहिले काम म्हणून भाचीला घराचा आराखडा कागदावर काढावयास सांगितले. ती पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकते, हात सफाईदार आहे. मग मोबाईलवर लहरींचे बळ मोजणारे एक फुकट साधन उतरवून घेऊन तिने घरभर फिरावे आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा आराखड्यावर लिहावा, असे ठरले. हा आकडा नेहमी उणे असतो. उणे ५०च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ६५-६७पर्यंत काम नीट चालते. उणे ७५च्या पलीकडे रडकथा सुरू होते. त्यातील मेख अशी की प्रत्येक १०ने बळ दहापट घटते. उणे ५० आणि उणे ७० ह्यांत वीसचा फरक दिसतो, पण बळ शंभरावा हिस्सा उरलेले असते.

पुढच्या खोलीत उणे ३८. जिन्याखाली उणे ५६. स्वयंपाकघराच्या दारात उणे ६७. तेथून पुढे शीतकपाट, मांडणीवर ओळीने लावलेले स्टीलचे डबे, जिन्याचा काँक्रीटचा तिरपा पाट, आणि धुण्याच्या जागेवरील माळ्यावर पाण्याची पाचशे लिटरची टाकी. धातू, सळ्या, पाणी: लहरींचे जे जे शत्रू ते सारे त्या आठ-दहा फुटांत एकवटले होते. आजींच्या खाटेजवळ आकडा उणे ८४ आला. म्हणजे पुढच्या खोलीतील बळाचा सुमारे ४०,०००वा हिस्सा. मोबाईलवर तेथेही वायफायच्या चिन्हाची एक रेघ दिसत होती. ती रेघ पाहूनच सर्वजण निश्चिंत राहिले होते.

त्यातून बटणाचा स्वभाव आणखी वेगळा. मोबाईल डबीशी सतत बोलत असतो. बटणात मसुराएवढी बॅटरी. ती वर्षभर पुरावी म्हणून ते एरवी गाढ झोपलेले असते. दाबले की जागे होते, डबीस हाक मारते, ओळख पटवून घेते, मगच निरोप सांगते. हे सारे दोन-चार सेकंदांत उरकावे लागते. उणे ८४वर त्याची हाक डबीस ऐकूच जात नव्हती, आणि लाल लुकलुकून ते पुन्हा झोपी जात होते. पुढच्या खोलीत टाळ्या वाजल्या त्या दिवशी कोणीतरी ते मागे नेऊन दाबले असते तर!

बळाचा प्रश्न असा निकालात निघाला. पण २८ वस्तूंच्या गर्दीचा प्रश्न निराळा आहे, आणि माझ्या मते तो अधिक समजून घेण्याजोगा आहे. एका पट्टीवर एका वेळी एकालाच बोलता येते. ग्रामसभेत अध्यक्षांनी दम भरलेला असावा, की एकाचे संपल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडू नये, तसे. दिवा दिवसभरात चार शब्द बोलतो, त्याचा कोणाला त्रास नाही. असे पन्नास दिवे असले तरी फारसे बिघडत नाही. कॅमेरा मात्र अखंड बोलतो. आणि जो लांब, उणे ८०वर बसला आहे, त्याला प्रत्येक शब्द सावकाश, तुटक, पुनःपुन्हा उच्चारावा लागतो. जे वाक्य जवळचा मोबाईल क्षणात संपवितो त्याला हा त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो, आणि तोवर बाकीचे सत्तावीस ताटकळतात. गच्चीवरील कॅमेरा अडखळू लागला की पुढच्या खोलीत शेजारीच बसलेल्या मुलाचा वर्ग तुटतो तो ह्यामुळे. सर्वांत दुबळ्याची सोय केली की सर्वांचेच चालते. ही गोष्ट यंत्रांतही खरी निघावी ह्याचे मला नवल वाटले.

त्यात शेजारी. २.४च्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या पट्ट्या तीनच: १, ६ आणि ११. भाचीच्या मोबाईलवर आसपासच्या घरांची १९ नावे दिसत होती. म्हणजे तीन खोल्यांच्या धर्मशाळेत वीस कुटुंबे. त्यांतील अकरा एकट्या ६वर. डबीला स्वतः पट्टी निवडू द्यावी असे म्हणतात, पण ह्या डबीने गर्दीचीच निवडली होती. आपल्या गावाकडे, जेथे वाडीत घर एकटे उभे असते, तेथे हा त्रास जवळजवळ नसतो. तेथे त्रास जाड भिंतींचा आणि लांबीचा.

प्रतिध्वनीचा एक मुद्दा सांगावयाचा राहिला. घरात लहर सरळ येते तशीच भिंतींवर, कपाटांवर आपटूनही येते, आणि हे पडसाद एकमेकांत मिसळून शब्दांचा काला होतो. नव्या मोठ्या चर्चमध्ये प्रवचन ऐकताना मागच्या बाकावर जे होते तेच. ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. ह्या शासकीय संशोधन संस्थेतील जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्यावर तोड काढली. १९९६ साली अमेरिकेत त्या संस्थेस तिचे पेटंट मिळाले. ओ’सुलिव्हन हे मूळचे आकाशातील रेडिओ-लहरींच्या अभ्यासात मुरलेले. कृष्णविवरांचे क्षीण संदेश शोधताना शिकलेली विद्या अखेर लोकांच्या बैठकीच्या खोलीत कामास आली. एवढी तोड आधीच डबीत बसविलेली असल्यामुळे पडसादांची चिंता आपण करू नये.

आता उपाय. शहरातील एका दुकानदाराने मेहुण्यांस तीन डब्यांचा एक संच सुचविला होता. किंमत पंधरा हजारांच्या घरात. ह्या डब्या आपापसांत बिनतारी बोलून घरभर जाळे विणतात, आणि ज्या घरात तार ओढणे शक्यच नाही तेथे त्या चांगल्या. परंतु बिनतारी जाळ्यातील मागची डबी स्वतःच पुढच्या डबीकडून हवेतून घेणार आणि हवेतूनच देणार. ज्या भिंतींनी बटणाला अडविले त्या तिलाही अडविणार. जे स्वस्त ‘रिपीटर’ मिळतात त्यांचेही तसेच; ते एका तोंडाने ऐकतात आणि त्याच तोंडाने बोलतात, म्हणून निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. शिवाय लोक तो नेमका अंधाऱ्या खोलीत लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्यास काय सांगणार? रिपीटर लावावयाचाच तर अर्ध्या वाटेवर, जेथे आकडा अजून उणे ६०-६५ असेल तेथे लावावा.

आम्ही तार ओढली. १८ मीटर तार, दुकानात जिला कॅट-६ म्हणतात ती. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते, घरात ती कधीच अपुरी पडत नाही. गच्चीवरून न्यावी असे मेहुण्यांचे मत होते. इलेक्ट्रिशियनने नको म्हटले. उत्तरायणाच्या दिवसांत सुरतेच्या गच्चीवर पतंग उडविणाऱ्यांच्या पायांखाली कोणतीही तार टिकत नाही, हा त्याचा अनुभव. मग ती तळमजल्यावरूनच, छताच्या कडेने, केसिंग-पट्टीतून नेली, आणि विजेच्या तारांपासून अंतर राखून. स्वयंपाकघराच्या मागल्या दारावर, उंच, एक साधी दुसरी डबी बसविली. तिची किंमत दोन हजारांच्या आत. पुढची डबी चपलांच्या कपाटातून काढून जिन्याजवळ, माणसाच्या डोक्याहून उंच लावली. एवढ्यानेच माडीवरील आकडा पंधराने सुधारला, आणि त्याला खर्च दोन खिळ्यांचा.

दुसरी डबी जोडताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. घरातील प्रत्येक वस्तूस एक आकडी पत्ता मिळतो, आणि तो वाटण्याचे काम पहिली डबी करते. दुसरीकडून हे काम काढून घ्यावे, तिने फक्त पाट वाढवावा. दोघीही पत्ते वाटू लागल्या तर एका घराची दोन घरे होतात आणि ह्या घरच्या मोबाईलला त्या घरचा दिवा दिसेनासा होतो. दुसरे, दोन्ही डब्यांना नाव आणि परवलीचा शब्द एकच द्यावा, आणि तोही पूर्वीचाच. म्हणजे २८ वस्तूंपैकी एकीलाही पुन्हा शिकवावे लागत नाही. दोघींना पट्ट्या मात्र वेगळ्या: पुढची १वर, मागची ११वर. दारावरच्या कॅमेऱ्याला मेहुण्यांनी सरळ तारच जोडून दिली, आणि गच्चीवरचा काढून टाकला. तो वर्षभर पाण्याच्या टाकीचे चित्र घेत होता. जे जागचे हलत नाही त्याला तार, जे हलते त्याला हवा, एवढा हिशेब ठेवला की गर्दी आपोआप पांगते.

आजींच्या खाटेजवळ आकडा उणे ४९ आला.

तरीही त्या खोलीतील कॅमेरा काही दाखवीना. सगळा पडदा करडा. भाची नवे आकडे मोजत बसली, मेहुणे कॅमेऱ्यालाच दोष देऊ लागले. मी आत जाऊन पाहिले तर त्यावर आजींचा हातरुमाल, व्यवस्थित चौघडी करून टाकलेला. मी काही विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, “फादर, त्या डोळ्यासमोर लुगडं कसं बदलायचं? रात्री माळ घेऊन बसले तरी तो बघतोच.” आवाजात तक्रार नव्हती, नुसता संकोच होता. कॅमेरा लावून दहा महिने झाले होते आणि रुमालही तितकेच दिवस होता. कॅमेरा चालत नाही हे घरात सर्वांस ठाऊक होते, आणि वायफाय कमी पडते अशी सर्वांची समजूत होती.

त्या संध्याकाळी जेवताना बराच वाद झाला. मेहुण्यांचे म्हणणे, आई पुन्हा पडली तर? त्यांची भीती खोटी नव्हती. पाळीवर असताना ते दर तासाला मोबाईल उघडून पाहत, हे बहिणीने मला सांगितले होते. पण आजींचे म्हणणेही ऐकावे लागले, आणि ते घरात त्यांना प्रथमच विचारले गेले. शेवटी कॅमेरा उतरविला. ह्यावर मत द्यावयाचे तर माझे स्पष्ट आहे: म्हातारपणी शरीर परस्वाधीन होते म्हणून लाज परस्वाधीन होत नाही.

मग राहिले बटण. आकडा सुधारला म्हणून काम संपले असे मानण्यास मी तयार नव्हतो. रात्री दहानंतर, सगळे निजल्यावर, आजींनी ते दाबावे असे आम्ही ठरविले. दिवा हिरवा झाला, म्हणजे निरोप गेला. माडीवर मात्र सामसूम. बहिणीचा मोबाईल रात्री दहापासून सहापर्यंत आपोआप मौनव्रत धरी, आणि त्या व्रतातून ह्या गजराला सूट दिलेलीच नव्हती. वायफाय कितीही उत्तम असते तरी त्या पावसाळी रात्री तो फोन वाजला नसता. ती सूट दिली, तिसऱ्या रात्री पुन्हा दाबून पाहिले, आणि घर दणाणून उठले. शेजारचे गुजराती काकासुद्धा गच्चीवर आले.

एवढ्यानेही माझे समाधान झाले नाही ते असे. आजींच्या खोलीतून माडीवर जाणारा निरोप सरळ जिन्याने वर जात नाही. बटणातून डबीत, डबीतून रस्त्यावरच्या तारेत, तेथून कोण जाणे कोणत्या शहरातील, बटण बनविणाऱ्यांच्या यंत्रसंचात, आणि तेथून उलट पावली बहिणीच्या मोबाईलवर. बारा पायऱ्यांच्या अंतरासाठी शेकडो मैलांची वारी. रस्त्यात खोदकाम झाले, वीज गेली, ती कंपनी बंद पडली, की निरोप वाटेत हरवला. डबीसाठी बॅटरीची एक लहान जोड मिळते, ती मेहुण्यांनी आणली. वीज गेली तरी दोन-तीन तास वायफाय टिकते. पण रस्त्यातल्या खोदकामाला ती काय करणार? म्हणून इलेक्ट्रिशियनकडून त्याच केसिंग-पट्टीतून आणखी दोन बारीक तारा माडीवर नेल्या. आजींच्या उशाशी एक आणि न्हाणीघरात, पडलेल्या माणसाच्या हातास लागेल इतक्या खाली, दुसरी अशा दोन कळी बसविल्या. वर कोरड्या सेलांवर चालणारी साधी विजेची घंटा. खर्च चारशे रुपयांच्या आत. ह्यात ना परवलीचा शब्द, ना पट्टी, ना पत्ता.

परवलीच्या शब्दाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. घरातील उरलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांना कारखान्यातून आलेलाच शब्द अजून होता. असे शब्द चोरांना पाठ असतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका दुष्ट कार्यक्रमाने जगभरचे लक्षावधी कॅमेरे आणि डब्या ह्याच वाटेने काबीज केल्या, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याकडून एकाच वेळी एवढी हाकाटी करविली की अमेरिकेतील कित्येक मोठमोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. त्या कॅमेऱ्यांच्या धन्यांना आपला कॅमेरा ह्या कटात आहे ह्याचा पत्ताही नव्हता. भाचीने सर्व शब्द बदलले, डबीचाही. आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी डबीत जी वेगळी वाट असते ती उघडून दिली, म्हणजे घरचा शब्द कोणालाही द्यावा लागत नाही. नवे शब्द तिने वहीत लिहून वही आजींच्या पेटीत ठेवली. ती पेटी त्या कोणालाही उघडू देत नाहीत.

मी निघण्याच्या आदल्या रात्री आजींनी वरची घंटा दोनदा वाजविली. सगळे धावत खाली गेले. त्यांना काही झाले नव्हते. मनगट अजून बांधलेले होते, आणि औषधाच्या बाटलीचे झाकण एका हाताने उघडत नव्हते, एवढेच.